थुंकी नको, बेडका हवा
(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

कुणी भांडी घासत ऐकत असेल, कुणी शेंगा फोडत, कुणी शेतात बांधावर बसून. हातातलं काम चालू राहू द्या. आज मला खोकल्याबद्दल बोलायचंय.

घरात नवरा दोन दिवस खोकला तर आपण आल्याचा काढा करतो. पोर खोकलं तर रात्रीतून दवाखाना गाठतो. आणि आपण स्वतः खोकतो तेव्हा? तेव्हा खोकल्याला काही ना काही कारण तयार असतं. चुलीचा धूर गेला. मिरची कुटली म्हणून ठसका लागला. ज्वारी उफणताना धूळ बसली. मिश्री जरा जास्त लागली. ही कारणं खोटी नसतात. धुरानं खोकला येतोच. पण धुराचा खोकला समजून दोन-दोन, तीन-तीन महिने खोकत बसलेल्या बाया मी माझ्या नोकरीत खूप पाहिल्या. मी आरोग्य सहाय्यिका होते. उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, वाड्या-वस्त्या, यातच माझी सगळी वर्षं गेली. त्यांतल्या कितीतरी जणींचा तो खोकला फुप्फुसाच्या टीबीचा निघाला. आपल्याकडे याला क्षय म्हणतात.

म्हणून पहिली खूणगाठ: खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला की त्याचं कारण आपण ठरवायचं नाही. ते तपासणीनं ठरवायचं. चूल असो, मिश्री असो, दमा असो, दोन आठवडे म्हणजे दोन आठवडे. कॅलेंडरवर खूण करा, पाहिजे तर.

टीबीचा जंतू हवेतून येतो. ज्याला फुप्फुसाचा टीबी आहे आणि औषध सुरू नाही, असा माणूस खोकतो, शिंकतो, मोठ्यानं बोलतो तेव्हा बारीक थेंबांबरोबर जंतू हवेत जातात, आणि कोंदट खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. ती हवा दुसऱ्यानं घेतली की जंतू त्याच्या फुप्फुसात जातात. गेले म्हणजे आजार झालाच असं नाही. आपल्या देशात कितीतरी लोकांच्या अंगात हा जंतू निजलेला असतो आणि जन्मभर त्रास देत नाही. अंगातली ताकद कमी झाली की तो उठतो. पोटाला कमी पडलं, साखरेचा आजार असला, एचआयव्ही असला, दारू-तंबाखू असली, की त्याचं फावतं. बाळंतपणानंतरचे काही महिनेही बाईला जपायचे असतात, ते याही कारणानं. पुरुषांमध्ये टीबीचे रुग्ण जास्त सापडतात, हे खरं आहे. पण बाईचा टीबी सापडायला ज्या अडचणी येतात त्या वेगळ्या आहेत, आणि माझं आजचं बोलणं त्यावरच आहे.

आधी खुणा सांगते. खोकला तर सांगितलाच. संध्याकाळी दिवेलागणीला अंगात कणकण येते, सकाळी उतरलेली असते. फार मोठा ताप नसतो, म्हणून अंगावर काढला जातो. रात्री घाम येतो, उशी ओली होते. भूक मरते. वजन उतरतं, आता आपल्याकडे घरोघरी वजनकाटा थोडाच असतो? पण ब्लाऊज सैल झाला, बांगड्या कोपराकडे सरकायला लागल्या, अंगठी साबणाशिवाय निघायला लागली, तर ते वजन उतरणंच असतं. छातीत दुखतं, चढण चढताना दम लागतो. कधी बेडक्यात रक्ताचा धागा दिसतो. रक्त दिसलं तर दोन आठवडेसुद्धा थांबायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना. आणि पोटुशी बाई असेल तर फार लक्ष द्या. तिचं वजन वाढायला हवं. ते नुसतं जागच्या जागी राहिलं तरी तिथं काहीतरी कमी होतंय असं समजा. डोहाळ्यांवर सगळं ढकलू नका.

बरं, बाई दवाखान्यात पोचली. तिथं तिला एक झाकणाची डबी देतात आणि सांगतात, 'बाई, यात थुंकी आणा.' गोंधळ इथं सुरू होतो बघा. सरकारी कागदावर 'थुंकी तपासणी' लिहिलेलं असतं. आणि बाई अगदी प्रामाणिकपणे थुंकीच आणते! तोंडातली लाळ, पातळ, पाण्यासारखी, वर फेस. तिची काय चूक? तिला जे सांगितलं ते तिनं आणलं. पण टीबीचा जंतू तोंडात राहत नाही, तो राहतो फुप्फुसात, खोल. तो लाळेत सापडायचा कसा? यंत्र सांगतं, जंतू नाहीत. बाई म्हणते, देव पावला, मला काही नाही. आणि घरी जाऊन आणखी दोन महिने खोकते.

तपासायला हवा असतो बेडका. छातीतून खाकरून निघणारा घट्ट, चिकट, पिवळसर किंवा पांढरट कफ. हा शब्द आपल्या बोलीत चांगला आहे, लहान पोरालाही कळतो, पण कागदावर तो घाणेरडा वाटतो म्हणून लिहीत नाहीत. मला विचाराल तर डबीवर मोठ्या अक्षरांत 'बेडका' असंच छापायला पाहिजे.

आणि दुसरी गोष्ट लाजेची. बाईमाणसानं मोठ्यानं खाकरणं, पचकन थुंकणं, हे आपल्याकडे वाईट दिसतं. सुनेनं तर नाहीच. पुरुष चावडीवर बसून घसा फाडून खाकरतो, त्याला कुणी काही म्हणत नाही. बाईला लहानपणापासून सवय लागते ती आवाज दाबायची, खोकला पदरात जिरवायची, आलेला कफ गिळून टाकायची. मग दवाखान्याच्या पडवीत, चार लोकांसमोर, तिला एकदम कसं जमावं?

ही आपल्या गावचीच गोष्ट आहे असं समजू नका. पाकिस्तानात रावळपिंडीला डॉक्टरांनी याच गोष्टीचा अभ्यास केला आणि तो २००७ साली लॅन्सेट या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यांनी काय केलं? काही रुग्णांना नुसती डबी दिली, रोज देतात तशी. काहींना डबी देताना दोन-तीन मिनिटं नीट समजावून सांगितलं की लाळ नको, खोल श्वास घे, छातीतून खोक, आणि अमुक इतका कफ आण. बास, एवढंच. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही. नुसती डबी दिलेल्या १०० बायांत साधारण ८ जणींच्या कफात जंतू सापडले. समजावून सांगितलेल्या १०० बायांत १३ जणींच्या. पुरुषांमध्ये असा फरक जवळपास पडलाच नाही. म्हणजे दर १०० बायांमागे ५ जणी अशा, की ज्या नुसत्या सांगण्याअभावी 'टीबी नाही' म्हणून घरी गेल्या असत्या. मी हे वाचलं तेव्हा आमच्या केंद्रातल्या डब्यांचा ढीग माझ्या डोळ्यांपुढे आला.

तर मग आता मीच सांगते, नीट ऐका. आपल्यासाठी नसलं तरी जावेसाठी, शेजारणीसाठी लक्षात ठेवा. दोन डब्या तपासायच्या असतात. एक दवाखान्यात गेल्या-गेल्या, एक दुसऱ्या दिवशी पहाटेची. पहाटेची महत्त्वाची, कारण रात्रभरात छातीत कफ साचलेला असतो. उठल्यावर काही खायचं नाही, मिश्री लावायची नाही. साध्या पाण्यानं खळखळून चूळ भरायची, म्हणजे रात्रीचं शितकण डबीत जात नाही. मग डबी घेऊन उघड्यावर जायचं. गोठ्यामागे, परसात, गच्चीवर, जिथं वारं आहे आणि जवळपास कुणी माणूस नाही. घरात, न्हाणीत दार लावून नको, तिथं जंतू कोंडून राहतात. उघड्यावर गेल्यानं दोन कामं होतात, घरच्यांना धोका नाही आणि आपल्याला लाज नाही. उभं राहून दोन-तीनदा खोल श्वास घ्यायचा, छाती भरून, क्षणभर धरायचा, सोडायचा. आणि मग पोटातून जोर लावून खोकायचं. वर आलेला बेडका सरळ डबीत. अर्धा चमचा तरी हवा. पहिल्यांदा लाळच आली तर पुन्हा श्वास घ्या, पुन्हा खोका. घाई नाही. झाकण घट्ट लावायचं, हात साबणानं धुवायचे, आणि डबी त्याच दिवशी आशाताईंकडे किंवा केंद्रात द्यायची.

आणि आशाताईंनो, तुम्हीही ऐकत असालच. डबी हातात ठेवून पुढच्या घराकडे वळू नका. दोन मिनिटं थांबा. सासूसमोर नको, सुनेला बाजूला घेऊन सांगा. डबी परत आली की झाकण न उघडता उजेडात धरून बघा. पाण्यासारखं हलतंय की चिकटून बसलंय? पाण्यासारखं असेल तर न रागावता दुसरी डबी द्या.

काही जणींना कफ येतच नाही, सुका खोकला असतो. तसं स्पष्ट सांगायचं. तेव्हा छातीचा फोटो काढतात, म्हणजे एक्स-रे, आणि मोठ्या दवाखान्यात वाफ देऊन कफ सुटा करता येतो.

पूर्वी हा बेडका काचेवर पसरून, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघत. अजूनही बघतात. पण त्यात जंतू भरपूर असले तरच दिसतात. आता सीबीनॅट आणि ट्रूनॅट ही यंत्रं आली आहेत. ट्रूनॅट तर आपल्या शेजारच्या गोव्यातल्या कंपनीनं बनवलेलं. ही यंत्रं थोडेसे जंतू असले तरी पकडतात, एक-दोन तासांत सांगतात, आणि शिवाय रिफाम्पिसिन हे मुख्य औषध त्या जंतूवर चालेल की नाही तेही सांगतात. सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट आहे. पण यंत्र कितीही भारी असलं तरी त्यात लाळ घातली तर ते बिचारं काय करणार!

आणि एक. रक्त तपासून टीबी आहे की नाही सांगतो, अशा ज्या चाचण्या पूर्वी बाजारात होत्या, त्यांच्यावर २०१२ साली आपल्या सरकारनं बंदी घातली, कारण त्यांचा निकाल भरवशाचा नव्हता. तेव्हा अशा चाचणीला कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका. टीबीच्या रुग्णाचं रक्त काढतात ते साखर आणि एचआयव्ही बघायला, ते वेगळं. ते जरूर करून घ्या.

तपासणीत टीबी निघाला की घरात काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे. बाईचं ताट वेगळं, तांब्या वेगळा, अंथरूण पडवीत. आणि आठ दिवसांत माहेरी रवानगी. 'बरी झाली की आणू.' माहेरी भाऊ-भावजयीचं राज्य असतं, तिथं सहा महिने कोण सांभाळणार? मग औषध अर्धवट राहतं.

या भीतीला एके काळी अर्थ होता, हे मी मान्य करते. आपली पहिली डॉक्टरीण आनंदीबाई जोशी. १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयानं गेली. २२ वर्षंही पुरी झाली नव्हती. त्याच्या पाचच वर्षं आधी, २४ मार्च १८८२ ला, जर्मनीत रॉबर्ट कॉख यांनी या आजाराचा जंतू शोधल्याचं जाहीर केलं होतं. जंतू कळला होता पण औषध नव्हतं. पहिलं खात्रीचं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडलं १९४३ साली. तोवर मोकळी हवा, चांगलं अन्न आणि विश्रांती, एवढाच उपाय. म्हणून मिरजेजवळ वानलेसवाडीला होतं तसं सॅनेटोरियम, गावाबाहेर झाडीत. ज्याला परवडेल त्यानं तिथं जाऊन महिनोन्‌महिने राहायचं.

मग औषधं आली आणि प्रश्न पडला, गरिबाला घरीच गोळ्या दिल्या तर चालेल का? याचं उत्तर आपल्याच देशात मिळालं. १९५६ साली मद्रासला क्षयरोगाच्या औषधोपचाराचं संशोधन केंद्र निघालं. तिथं काही रुग्णांना सॅनेटोरियममध्ये ठेवलं आणि काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरातच औषध दिलं. घरातल्या रुग्णांना अन्न कमी, विश्रांती कमी. तरी १९५९ साली निकाल आला तो असा, की दोघांचं बरं होणं जवळपास सारखंच. आणि त्याहून मोठी गोष्ट, घरी राहिलेल्या रुग्णांच्या घरच्यांना जास्त लागण झाली असंही दिसलं नाही. कारण धोका असतो तो औषध सुरू होण्याआधीच्या दिवसांत. योग्य औषध सुरू झालं की बेडक्यातले जंतू भराभर कमी होतात. जगभर टीबीचा उपचार घरी व्हायला लागला तो या मद्रासच्या कामानंतर.

तेव्हा सासूबाईंनो, सुनेला माहेरी धाडू नका. ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही, टीबी भांड्यातून पसरत नाही, शिवण्यानं पसरत नाही. पहिले काही आठवडे, डॉक्टर सांगतील तोवर, तिनं तोंडाला मास्क किंवा दुहेरी पदर बांधावा, तान्ह्या-म्हाताऱ्यांपासून जरा अंतर ठेवून खिडकीच्या खोलीत झोपावं. दारं-खिडक्या उघड्या ठेवाव्यात, ऊन आत येऊ द्यावं. इकडंतिकडं थुंकू नये. एवढं पुरे.

औषध सहा महिन्यांचं. पहिले दोन महिने चार औषधं एकाच गोळीत असतात, नंतरचे चार महिने तीन. रोज घ्यायची. किती गोळ्या हे वजनावर ठरतं, म्हणून दर महिन्याला वजन करायचं. सरकारी दवाखान्यात सगळं फुकट. खाजगी डॉक्टरांकडे गेलात तरी त्यांना तुमची नोंद सरकारकडे करावीच लागते, आणि तिथूनही सरकारी गोळ्या मिळू शकतात.

आता खरी परीक्षा. महिना-दीड महिना झाला की खोकला थांबतो, ताप जातो, भाकरी गोड लागते. बाई पुन्हा खुरप्याला जाते. घरचे म्हणतात, झाली की बरी. आता कशाला गोळ्या, गोळ्या गरम पडतात. आणि औषध सुटतं. तुम्हाला हराळी माहीत आहे ना? वरून कापली की शेत स्वच्छ दिसतं. आठ दिवस. खाली काड्या जिवंत असतात, पाऊस पडला की पुन्हा हिरवं. टीबीचं तसं आहे. पहिले दोन महिने वरची हराळी निघते, पुढचे चार महिने काड्या वेचायच्या असतात. मध्येच सोडलं तर उरलेले जंतू औषधाला सरावतात, आणि मग साध्या गोळ्या त्यांच्यावर चालेनाशा होतात. त्याचा उपचार वेगळा आणि कडक. पूर्वी तर महिनोन्‌महिने रोज इंजेक्शनं घ्यावी लागत, कान जात लोकांचे. आता त्यालाही गोळ्या निघाल्या आहेत, पण त्या वाटेला जावंच का?

ऊसतोडीला जाणाऱ्या बायांना इथं थांबवून सांगते. दिवाळीनंतर टोळी निघते, मुकादमाची उचल घेतलेली असते, थांबणं शक्य नसतं. औषध चालू असेल तर निघण्याआधी केंद्रात जाऊन सांगा की अमक्या कारखान्यावर चाललोय. तुमचा निक्षय नंबर असतो, तो कागदावर लिहून घ्या, पोलक्याच्या पाकिटात ठेवा. त्या नंबरावर दुसऱ्या जिल्ह्यातही पुढच्या गोळ्या मिळतात. आणि वाटेत खाडा पडू नये म्हणून थोड्या गोळ्या आधीच मागून घ्या.

गोळ्यांनी लघवी लाल-केशरी होते. पहिल्या दिवशी बाया घाबरतात, कुणी म्हणतं मूत्रपिंड गेलं. काही गेलेलं नसतं, तो औषधाचा रंग आहे. मळमळ होते, सांधे दुखतात, पायाला मुंग्या येतात. या गोष्टी सांगा, त्यावर उपाय आहेत, गोळी बंद करायची नाही. पण दोन खुणांवर थांबायचं आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. एक, डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात, अन्नावरची वासना गेली, म्हणजे काविळीची शंका. दुसरी, नजर. सुईत दोरा ओवताना अंधुक दिसायला लागलं, लाल आणि हिरवी मिरची निवडताना गोंधळ व्हायला लागला, तर चारांतलं एक औषध डोळ्याला सोसत नाही असं समजायचं.

आता खास बायांची गोष्ट, जी पुष्कळदा सांगायची राहून जाते. 'पाळणा लांबवायच्या गोळ्या', माला-डी वगैरे, या टीबीच्या औषधाबरोबर भरवशानं चालत नाहीत. रिफाम्पिसिनमुळे त्यांचा असर कमी होतो. बाई रोज गोळी घेते आणि तरी दिवस जातात, मग घरात तिच्यावरच संशय. तेव्हा उपचार चालू असताना तांबी किंवा निरोध. नवऱ्याशी हे बोलायला अवघड वाटत असेल तर सिस्टरांना सांगा, त्या बोलतील. आणि दिवस गेलेच, किंवा आधीच पोटुशी असताना टीबी निघाला, तर औषध सोडायचं नाही. या नेहमीच्या गोळ्या गरोदरपणात चालतात. औषधापेक्षा आजार बाळाला जास्त घातक. अंगावर पाजणाऱ्या आईनंही दूध तोडायचं नाही. मास्क लावून पाजायचं. बाळाला तपासून घ्यायचं आणि डॉक्टर त्यालाही जपणुकीचं औषध देतात.

खाण्याचं पथ्य काय, हा फोन हमखास येतो. पथ्य काही नाही. अंडी गरम, केळी थंड, दही कफाचं, असलं काही मनात आणू नका. दारू आणि तंबाखू-मिश्री तेवढी बंद. बाकी जे मिळेल ते आणि पोटभर. डाळ, उसळ, शेंगदाणे, अंडी, दूध. आणि इथं माझं भांडण आहे. आपल्याकडे बाई सगळ्यांत शेवटी जेवते, कालवण उरलं तर. झारखंडमध्ये अलीकडे एक मोठा अभ्यास झाला, २०२३ साली प्रसिद्ध झाला. टीबीच्या रुग्णाच्या घरातल्या माणसांना दर महिन्याला माणशी ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ दिली, वर जीवनसत्त्वाच्या गोळ्या. तेवढ्यानं त्या घरांत नव्यानं टीबी होण्याचं प्रमाण १०० वरून ६० च्या आसपास आलं. इंजेक्शन नाही, लस नाही, डाळ-तांदूळ. आणि ज्या रुग्णांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत चांगलं वाढलं, त्यांच्यात मरणाचं प्रमाण खूपच कमी दिसलं. म्हणून औषध चालू असलेल्या बाईचं ताट आधी वाढा. तिचं ताट वेगळं करायचंच असेल तर या कारणानं करा.

सरकारकडून उपचार चालू असेतोवर पोषणासाठी महिन्याला १००० रुपये मिळतात. आधी ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. पैसे बँक खात्यावर येतात. खातं बाईच्या स्वतःच्या नावावर असू द्या, नाहीतर तिच्या अंड्या-दुधाचे पैसे पानाच्या टपरीवर जातात. नसेल तर आशाताईंना सांगा, त्या उघडायला मदत करतात.

घरात एकाला टीबी निघाला की बाकी सगळ्यांनी तपासून घ्यायचं. पोरं पाच वर्षांखालची असतील तर विशेष. आजार नसला तरी होऊ नये म्हणून औषध देतात, ते चुकवू नका. जन्मल्यावर दिलेली बीसीजीची लस लहान पोरांना टीबीच्या मेंदूपर्यंत जाणाऱ्या जिवघेण्या प्रकारापासून वाचवते, पण मोठ्या माणसाच्या फुप्फुसाच्या टीबीला तिचा फारसा आडोसा नसतो. 'आम्हाला लहानपणी टोचलंय' म्हणून निर्धास्त राहू नका.

शेवटी एका ताईंचा निरोप वाचते. नाव सांगत नाही. त्या लिहितात, मुलीला टीबी आहे, उपचाराचा चौथा महिना आहे, लग्नाचं बघतोय, स्थळाला सांगायचं का, औषध थांबवलं तर चालेल का. ताई, औषध एक दिवसही थांबवू नका. लग्नाची तारीख दोन महिने पुढं गेली तर कुणाचं काही बिघडत नाही. सहा महिने झाले, शेवटची बेडक्याची तपासणी चांगली आली, डॉक्टरांनी पूर्ण बरी म्हणून लिहून दिलं, की तुमची मुलगी बाकीच्या मुलींसारखीच आहे. संसार होईल, लेकरं होतील. सांगायचं की नाही, हे मुलीला विचारा, तिच्या इच्छेनं करा. लपवून, गोळ्या बंद करून सासरी धाडलेल्या मुली चार-सहा महिन्यांनी खोकत परत आलेल्या मी पाहिल्या आहेत, म्हणून एवढं बोलते. आणि उपचार संपल्यावरही दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी, तिनं एकदा केंद्रात दाखवून यायचं. माहेरच्या केंद्रात किंवा सासरच्या, कुठंही.

आणखी काही विचारायचं असेल तर सरकारचा फुकट फोन आहे, १८००-११-६६६६. नाव न सांगताही विचारता येतं. नंबर पुन्हा सांगते, लिहून घ्या: एक आठ शून्य शून्य, एक एक, सहा सहा सहा सहा.